चित्रकथांचं जग (भाग 7) : उसन्या नायकांचं इंद्रजाल

मागच्या भागात आपण अमेरिकेतल्या 'मार्व्हल'चं गणित पाहिलं. 1961 पासून त्यांनी आपले बहुतेक नायक एकाच न्यूयॉर्क शहरात नांदवले. एकाच्या अंकात दुसरा डोकावू लागला आणि एक अंक घेणारं पोर हळूहळू सगळेच मागू लागलं. वाणगावच्या एका वाचकाने त्यावर विचारलं, की असं काही आपल्या मराठीत झालं का? झालं, आणि तेही मुंबईत, बोरीबंदरच्या टाइम्सच्या इमारतीतून.

मार्च 1964 मध्ये 'टाइम्स'च्याच बेनेट, कोलमन कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती अशा अनेक भाषांत ते पोचलं. पहिले 32 अंक निव्वळ वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'चे होते. मग जादूगार मँड्रेक आला, त्याच्यामागून त्याचा साथीदार लोथार, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर. मासिक होतं ते पाक्षिक झालं आणि 1980 च्या दशकात साप्ताहिक.

आमच्या तारापूर-बोईसर पट्ट्यात या अंकांना फार चांगली जमीन मिळाली. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं आणि वसाहतीत देशभरातली कुटुंबं राहायला आली. बोईसर-वाणगावात मराठी आणि गुजराती घरं आधीपासून शेजारीशेजारी होतीच. एकच गोष्ट एका घरात मराठीत, दुसऱ्या घरात हिंदीत, तिसऱ्यात गुजरातीत. चित्रं तीच असल्यामुळे अंकांची अदलाबदल बेधडक चाले. गुजराती अक्षरं मी शाळेत नाही, वेताळाच्या संवादांच्या फुग्यांतून शिकलो.

हे फुगे भरणं सोपं काम नव्हतं. मूळ गोष्टी वर्तमानपत्रांसाठी काढलेल्या. रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी. कालचं विसरलेल्या वाचकासाठी त्यात थोडी उजळणीही असे. पुस्तकासाठी अशा पट्ट्या कापायच्या, उजळणी गाळायची, चौकटी नव्याने पानावर बसवायच्या. आणि फुग्याचं माप इंग्रजी अक्षरांचं! देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, म्हणजे ओळीला उंची जास्त लागते. तेवढ्याच जागेत मराठी वाक्य बसवायचं आणि ते वेताळाच्या तोंडी शोभायलाही हवं. ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलं त्यांची नावं वाचकांच्या ओठांवर कधी आली नाहीत, याची मला फार खंत वाटते. भारतीय वाचकाला खटकेल ते बदलण्याचं कामही झालं. मूळ कथेतला 'बंगाला' देश इथे 'डेंकाली' झाला, पहिल्या वेताळाच्या वडिलांचा खुनी 'रामा' इथे 'रामालू' झाला आणि 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले.

वेताळ आणि मँड्रेक, दोघांचाही जनक ली फॉक. 1977 मध्ये त्याने वेताळ आणि त्याची प्रेयसी डायना यांचं लग्न लावलं, तेव्हा पाहुण्यांत मँड्रेक आणि लोथार होते. इंद्रजालच्या वाचकाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्याच्या लेखी हे सगळे कधीचेच एका गावचे होते, कारण ते एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या पुस्तकात राहत होते. फॉकने एका लग्नात जे साधलं ते आपल्याकडे छापखान्याने आधीच साधून ठेवलं होतं.

पण हे घर भाड्याचं होतं, आणि माझ्या मते इंद्रजालच्या पडझडीचं मूळ तिथेच आहे. हे परदेशी नायक न्यूयॉर्कच्या किंग फीचर्स सिंडिकेटच्या मालकीचे. त्यांचं पुढे काय करायचं, कोणाला कोणाशी भिडवायचं, हे मुंबईत ठरत नव्हतं. वर्तमानपत्रातल्या पट्टीची एक गोष्ट संपायला काही महिने लागतात. एकटा फॉक वर्षाला अशा किती गोष्टी देणार? साप्ताहिकाला तर वर्षाला पन्नासावर अंक भरायचे. म्हणून मग दुय्यम नायकांची भरती वाढली आणि 'या आठवड्यात वेताळ नाही' हे ऐकून पोरं अंक परत ठेवू लागली.

स्वतःचा नायक इंद्रजालने घडवला, तो 1976 मध्ये. आबिद सुरती यांनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला बहादूर. डाकूचा मुलगा, पण ज्या पोलिसाच्या गोळीने बाप गेला त्यानेच त्याला वाढवलं. मोठा होऊन तो गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. मुखवटा नाही, जादू नाही. मला तो वेताळापेक्षाही मोठा वाटतो, कारण त्याचं बळ गावाला एकत्र करण्यात होतं. हेच सुरती पुढे 2007 पासून मीरा रोडला घरोघरी प्लंबर घेऊन जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करवू लागले. बहादूर कोणाच्या हातून उतरला ते यावरून कळतं. त्याच्याभोवती आणखी चार-पाच देशी नायक उभे राहिले असते, ते एकमेकांच्या गावी गेले असते, तर चित्र वेगळं दिसलं असतं. पण तो बारा वर्षं उशिरा आला आणि जवळजवळ एकटाच राहिला.

त्यानंतर काही वर्षांत घरात रंगीत दूरदर्शन आलं. जानेवारी 1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि रविवारची सकाळ पडद्याची झाली. एप्रिल 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं. अंकांचा आकडा तेव्हा आठशेवर गेला होता.

त्यानंतर वेताळ आणि मँड्रेक दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सकडे गेले. भाडेकरूला दुसरं घर मिळालं. घरचा बहादूर मात्र इंद्रजालबरोबरच थांबला.

पुढच्या भागात दिल्लीच्याच राज कॉमिक्सकडे जाऊ. त्यांनी नायक उसने घेतले नाहीत. 1986 मध्ये त्यांचा नागराज आला, आणि त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी काढली.