परसातील कोंबड्यांची उतरंड

शिरूर-दौंडकडील वाड्यावस्त्यांवर सकाळी डालगे उचलताच कोंबड्यांची जी झटापट होते, तिला आपण भांडखोरपणा म्हणून सोडून देतो. वास्तविक तो त्यांच्यातील मानपानाचा प्रश्न असतो. कोणी कोणाला टोचावे व कोणी मुकाट्याने बाजूस व्हावे, याची उतरंड प्रत्येक कळपात ठरलेली असते, हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले. नरांची उतरंड वेगळी, माद्यांची वेगळी. जपानी संशोधकांना तर २०१५ मध्ये असे आढळले की, पहाटे आरवण्याचा पहिला मानही सर्वांत वरिष्ठ कोंबड्याचाच. बाकीचे क्रमाने त्याच्यामागून आरवतात. कार्यालयीन शिष्टाचाराची आठवण व्हावी, असाच हा प्रकार!

उतरंड एकदा बसली की कळप शांत राहतो. आठवडी बाजारातून नवा कोंबडा आणून सोडला की ती मोडते आणि तुरे रक्तबंबाळ होतात. खरे नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. मुख्य कोंबडा इतर नरांना सहसा माद्यांजवळ फिरकू देत नाही. तोच म्हातारा वा सदोष असल्यास खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी फलित नसल्याने वाया जातात आणि ती सांभाळणाऱ्या गृहिणीचे पुढील उत्पन्न बुडते. दोष मात्र बिचाऱ्या खुडूक कोंबडीला दिला जातो.

म्हणून आठ-दहा कोंबड्यांमागे एकच तरुण, निरोगी नर ठेवावा. जादा नर विकावेत. दाणे एकाच जागी न टाकता विखरून टाकावेत, म्हणजे उतरंडीतील तळाच्या कोंबडीच्याही चोचीत काही पडते. नवा पक्षी प्रथम वेगळा, नंतर काही दिवस इतरांच्या नजरेसमोर जाळीआड ठेवावा आणि मगच कळपात सोडावा.