दुखणे, खाडा आणि कायदा

दुखणे अंगावर काढणाऱ्या माणसाचे आपल्याकडे कौतुक होते. आमच्या मते त्यात कौतुकासारखे फारसे काही नाही. असा मनुष्य क्वचितच सोशिकपणाचा पुतळा असतो. तो अंथरुणावर पडेल त्या दिवशी घरची चूल पेटणार नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या आपल्या या नंदुरबार जिल्ह्यात अशा माणसांचाच भरणा अधिक असल्यामुळे, कायद्याने त्यांस कोठे ठेविले आहे हे पाहणे अगत्याचे झाले आहे.

दिवाळी आटोपली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतील पाड्यांना कुलपे लागतात. माणसे सुरत-बारडोलीच्या बाजूस ऊसतोडीला जातात. खानदेशातून तिकडे जाणाऱ्या या मजुरांविषयी यान ब्रेमन या डच विद्वानाने १९७० नंतरच्या दशकात सविस्तर लिहिले, ते आज वाचले तरी पुष्कळसे ओळखीचे वाटते. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची व हंगामभर ती फेडावयाची. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांपैकी एकास ताप भरला की दुसऱ्याचेही काम अर्ध्यावर येते, म्हणजे एका दुखण्याने दोघांची मजुरी बुडते आणि उचल तशीच उभी राहते. मजुराच्या गैरहजेरीस या धंद्यात ‘खाडा’ म्हणतात; कित्येक ठिकाणी मजुरी तर जातेच, पण खाड्याचा दंडही वर कापला जातो. बीड जिल्ह्यात या खाड्याची परिणती कोठवर गेली हे सर्वश्रुत आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली तेथील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यास अन्य कारणेही होती. परंतु पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये ही धास्ती त्यांत होती, हे नाकारता येणार नाही.

आपल्या सातपुड्यात याखेरीज सिकलसेलचा आजार आहे. भिल्ल व पावरा समाजांत तो पिढीजात आढळतो. त्याच्या वेदनांचे झटके वर्षातून पुनःपुन्हा येतात. पाण्याची तूट, थंडी व अतिश्रम यांनी ते बळावतात. पहाटेच्या थंडीतील उसाचा फड म्हणजे या तिन्ही गोष्टींचे एकत्र वास्तव्यच होय. औषधे आहेत, १ जुलै २०२३ पासून देशव्यापी निर्मूलन मोहीमही आहे. परंतु डॉक्टर जी विश्रांती लिहून देतो ती कोणत्या दुकानात मिळते?

यावर कोणी म्हणेल की, सरकारने फुकट उपचाराची योजना केली आहेच. ती आहे, आणि आम्ही तिचे मनःपूर्वक स्वागत करितो. २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या त्या योजनेची मर्यादा २०२३ साली पाच लाख रुपयांवर नेण्यात आली. तथापि तिने रुग्णालयाचे बिल भागते. रुग्ण घरी पडून असता किराणा कोणी भरावयाचा, याचे उत्तर त्या योजनेत नाही.

हे उत्तर जगास ठाऊक नाही असे नव्हे. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या अमदानीत आजारी कामगारास तेरा आठवडे अर्धे वेतन देण्याचा कायदा झाला. १९२७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आजारविम्याचे दोन करार केले, त्यांतील एक खास शेतमजुरांकरिता होता. आपल्याकडे प्रो. आडारकर यांचा अहवाल १९४४ साली आला, तेव्हा मजूरखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा निघाला. वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सुमारे सत्तर टक्के वेतन आणि आजारपणात नोकरीवरून काढण्यास मनाई, अशी त्याची उत्तम व्यवस्था. परंतु त्याच कायद्याने ‘हंगामी कारखाने’ वगळले. ते कोणते? तर सरकी काढणारे, रुईच्या गठ्ठ्या बांधणारे, शेंगा फोडणारे, साखर व गूळ करणारे! जणू खानदेशची धंदेवार यादी समोर ठेवूनच हा अपवाद लिहिला असावा. उसाचा फड तर कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांचा अपवाद कायम ठेविला आहे.

दुकानांतील नोकरांची गोष्ट आमच्या वाचकांच्या अधिक जवळची आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्यात लहान पेढीवरील गुमास्त्यासही पगारी रजा होती. २०१७ च्या नव्या कायद्याने वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा दिली खरी, पण दहा वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांपुरती. २०२५ साली ती अट वीसवर नेण्यात आली. नंदुरबार, शहादे, नवापूर येथील किती पेढ्यांवर वीस माणसे आहेत, हे व्यापारी मंडळींनीच सांगावे.

‘पगारी आजार सुरू केला तर नोकर सोंगे घेतील’ हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. विमा कायद्याने त्याची तजवीज केलेली आहे: डॉक्टरचा दाखला हवा आणि साधारणतः पहिल्या दोन दिवसांचे पैसे नाहीत. दुसरा आक्षेप खर्चाचा. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही व्यापाऱ्याकडून मंडळात भरून घेण्याची पद्धत घातली. तीतून रजेचे पैसे निघतात, आणि मुंबईचा बाजार काही बुडालेला नाही. सरकारनेही आदिवासी भागातील नवसंजीवनी योजनेत आजारी बालकापाशी दवाखान्यात राहणाऱ्या आईस ‘बुडीत मजुरी’ देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. आईस जे मिळते ते स्वतः आजारी पडलेल्या मजुरास का मिळू नये, याचे कारण आम्हांस कोणत्याही शासननिर्णयात आढळत नाही.

दिल्लीने हंगामी कारखान्यांचा अपवाद काढावा, ही आमची पहिली मागणी. पण तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. मिरची वाळविण्याच्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या व मिरची पसरणाऱ्या बाया हंगामभर तो ठसका छातीत घेतात. बाजार समितीने व व्यापारी मंडळींनी येत्या हंगामापूर्वी एक बैठक भरवावी, खरेदीवर अल्पसा आकार बसवावा, आणि दाखला आणणारीस तिसऱ्या दिवसापासून निम्मी मजुरी द्यावी. आकार किती असावा, याचा हिशोब आपल्या मुनिमांस एका बैठकीत करता येईल.