वचन, कर्तव्य आणि घटस्फोट

कर्तव्यवाद म्हणजे काय? कृती योग्य की अयोग्य हे परिणामांवरून न ठरवता कर्तव्यावरून ठरवणारा विचार. प्रमुख तत्त्वज्ञ : इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४).

कांट आणि विवाह : १७९७च्या ‘नीतीचे तत्त्वमीमांसाशास्त्र’ या ग्रंथात विवाह म्हणजे दोन समान व्यक्तींमधील आजन्म करार. मुलांबाबतचे कर्तव्य मात्र या करारातून येत नाही. मुलांना त्यांच्या संमतीविना जगात आणले, म्हणून आईवडील त्यांना बांधील. लग्न मोडले तरी हे कर्तव्य उरते, ते यामुळेच. घटस्फोटाच्या चर्चेतला हा सर्वांत मोलाचा मुद्दा.

तत्त्वज्ञ रॉस यांची भर (१९३०) : वचनपालन, इजा न करणे, स्वतःची उन्नती ही सारी प्रथमदर्शनी कर्तव्ये. ती एकमेकांशी भिडली, तर प्रसंग पाहून वजन ठरवायचे.

आपल्याकडे : कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्पर द्वेषामुळे मोक्ष, म्हणजे विवाहातून सुटका, आहे; धर्मविवाहांना, म्हणजे धर्मसंमत विवाहप्रकारांना, मात्र नाही.

कायदा
• १९४७ : मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा, ठाणे जिल्हा त्या प्रांतातच.
• १९५५ : हिंदू विवाह कायदा.
• १९७६ : त्याच कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद (कलम १३-ब). अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक.
• २०१७ : परस्परसंमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा न्यायालय माफ करू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय.
• पोटगी (कलम २५) पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणीही मागू शकते.

अर्ज कुठे? ठाण्यात कौटुंबिक न्यायालय आहे. हिंदू विवाह कायद्यातील २००३च्या दुरुस्तीनंतर पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणीही अर्ज करता येतो. म्हणजे लग्न नागपूरला झाले असले, तरी डोंबिवलीत राहणाऱ्या पत्नीला नागपूर गाठावे लागत नाही.