पाकिटावर ‘गूळ’, आत साखर किती? स्नॅक बारचे लेबल असे वाचा

कोल्हापूर : किराणा दुकानाच्या काउंटरवर आता चिक्कीच्या बरणीशेजारी ग्रॅनोला बार, प्रोटीन बार, एनर्जी बार मांडलेले दिसतात. मुलांच्या डब्यात आणि व्यायामानंतरच्या खाण्यातही ते आले आहेत. काहींच्या वेष्टनावर ठळकपणे लिहिलेले असते, ‘साखर नाही, फक्त गूळ’. ज्या जिल्ह्याच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे हा दावा चटकन पटतो. पण बार कितपत आरोग्यदायी आहे, हे वेष्टनाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

गूळ साखरेत मोजायचा का?

होय. उसाचा रस आटवून केलेल्या गुळाचा बहुतांश भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असतो. पांढऱ्या साखरेत जवळपास नसणारी लोह आणि इतर खनिजे गुळात असतात. मात्र एका बारमध्ये गूळ जेमतेम १०-१५ ग्रॅम पडतो. तेवढ्यातून लोह फार थोडे मिळते, रक्तातील साखर मात्र वाढते. ‘गुळाचा आहे, चालतो’ असे समजून मधुमेहींनी असा बार खाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार अशा साखरेतून दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्यतो ५ टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक यावेत. दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. मध आणि सिरपमधील साखरही यातच धरली जाते.

आधी घटकांची यादी

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणून पहिली तीन नावे महत्त्वाची. तिथे ओट्स, शेंगदाणे, बदाम, नाचणी असेल तर सुरुवात चांगली. तिथेच सिरप किंवा साखर असेल, तर तो बार मिठाईच्या जवळचा समजावा.

यातही एक मेख आहे. साखर तीन-चार नावांनी विभागली, की प्रत्येक नाव यादीत खाली जाते आणि ओट्स वर राहतात. लेबल बहुधा इंग्रजीत असते. त्यामुळे ही नावे ओळखीची हवीत : जॅगरी, हनी, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, ब्राउन राइस सिरप, डेक्स्ट्रोज. माल्टोडेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून केलेला पदार्थ ‘शुगर’च्या आकड्यात फारसा दिसत नाही, पण रक्तातील साखर वेगाने वाढवतो.

मग पोषणतक्ता

तक्त्यात ‘टोटल शुगर’ आणि ‘अॅडेड शुगर’ असे दोन आकडे असतात. दुसरा म्हणजे वरून घातलेली साखर. समजा, १०० ग्रॅममागे अॅडेड शुगर ३० ग्रॅम आहे आणि बार ४० ग्रॅमचा आहे. म्हणजे एका बारमध्ये १२ ग्रॅम, सुमारे तीन चहाचे चमचे साखर. तक्त्यातील टक्केवारी ५० ग्रॅमच्या हिशेबाने असल्याने तिथे २४ टक्के दिसेल. २५ ग्रॅमची मर्यादा पाळायची, तर दिवसाचा जवळपास निम्मा वाटा एका बारमध्ये संपला.

चॉकलेटसारखा थर असेल तर ‘सॅच्युरेटेड फॅट’ही पाहावे. अशा थरात अनेकदा पामतेलासारखे वनस्पती स्निग्ध पदार्थ असतात.

अनोळखी नाव म्हणजे घातक नव्हे

आयएनएस ३२२ म्हणजे लेसिथिन. ते सोयाबीन किंवा सूर्यफुलापासून मिळते आणि तेल-पाणी एकजीव ठेवते. आयएनएस ४२२ म्हणजे ग्लिसरीन. त्याने बार मऊ राहतो. केवळ आकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. माल्टिटॉल (आयएनएस ९६५) हा गोडवा आणणारा पदार्थ मात्र जास्त खाल्ल्यास पोट फुगते, जुलाब होऊ शकतात.

दाव्यांमागचे नियम

‘नो अॅडेड शुगर’ लिहायचे तर साखर, मध, सिरप यांपैकी काहीही घातलेले चालत नाही. साखरेऐवजी सुक्या फळांची पेस्ट घातली, तरी हा दावा करता येत नाही. त्यामुळे असा दावा आणि घटकांत ‘डेट पेस्ट’ एकत्र दिसले, तर विचार करून घ्यावे. खजुरात तंतू असतात हे खरे, पण त्याचा बराचसा भाग साखरच असतो. वेष्टनावर बदामाचे चित्र असेल, तर घटकांत बदामाची टक्केवारी शोधावी. ती देणे बंधनकारक आहे.

मग चिक्कीच बरी?

हिशेब तिलाही लागू आहे. गूळ आणि दाणे निम्मे-निम्मे असलेल्या ४० ग्रॅम चिक्कीत सुमारे पाच ग्रॅम प्रथिने आणि चार चमच्यांएवढी साखर असते. घटक मोजके आणि ओळखीचे, दामही कमी, हे तिचे फायदे. दाणे जास्त, गूळ कमी अशी चिक्की घरी करता येते. रोजच्या भुकेला मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एखादे फळ पुरेसे आहे.

खरेदीपूर्वी एक मिनिट

• अक्षरे बारीक असतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.
• पहिले तीन घटक वाचा, साखरेची सगळी नावे मोजा.
• आकडा १०० ग्रॅमचा की एका बारचा, ते तपासा.
• अॅडेड शुगरच्या ग्रॅमना चारने भागा : तेवढे चमचे साखर.
• मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रोटीन बार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.