दूरस्थ प्रशिक्षणाची नवी साधने आणि आपले शिक्षण

गेल्या पावसाळ्यात डोलवी परिसरातील शिक्षकांच्या एका शिक्षण परिषदेत एका शिक्षकबंधूंनी मला विचारले, "साहेब, झूम, मीट, दीक्षा, क्लासरूम ही सारी एकाच गोष्टीची नावे आहेत, की निरनिराळ्या गोष्टींची?" वर्गात थोडा हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्याजोगा नव्हता. त्या हशात सामील झालेल्यांपैकी किती जणांना त्याचे उत्तर देता आले असते, याची मला शंका आहे. आणि काही वर्षांपूर्वी तो मला कोणी विचारला असता, तर मीही विषय बदलला असता. म्हणून त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर येथे देण्याचे योजिले आहे.

या साधनांची ओळख त्यांच्या नावांवरून न करता वेळेवरून करावी. शिकविणारा आणि शिकणारे एकाच घटकेला जोडलेले असावयास हवेत काय, एवढा एकच प्रश्न प्रत्येक साधनाला विचारावा. झूम, गूगल मीट, जित्सी आणि बिगब्लूबटन यांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी येते. ही सभेची साधने होत. सभा सकाळी अकराला असेल, तर अकरालाच हजर राहिले पाहिजे. आणि मधेच रेंज गेली, तर तेवढे बोलणे गेले. याउलट दीक्षा किंवा मूडल हे पोथीसारखे आहेत. पाठ तेथे मांडून ठेवलेला असतो. आपण रात्री जेवण झाल्यावर वाचावा, पाहावा, अडल्यास मागे जाऊन पुन्हा पाहावा. गूगल क्लासरूम हे या दोहोंहून वेगळे, वह्यांच्या गठ्ठ्यासारखे साधन आहे. गृहपाठ द्यावयाचा, आलेला तपासावयाचा आणि शेऱ्यासह परत करावयाचा, हे त्याचे मुख्य काम.

कोणते साधन कशासाठी जन्मास आले, हेही ध्यानात असणे उपयोगाचे आहे. झूम ही २०११ साली स्थापन झालेली कंपनी. तिचे साधन मूलतः कचेऱ्यांतील बैठकांसाठी होते, शाळा त्यात नंतर शिरल्या. बिगब्लूबटनचे काम २००७ साली कॅनडातील कार्लटन विद्यापीठात सुरू झाले ते मात्र अध्यापनासाठीच. त्यामुळे सर्वांना दिसणारा फळा, वर्गाचे लहान गट पाडण्याची सोय, झटपट मत घेण्याची सोय या गोष्टी त्यात मुळापासून आहेत. मूडलची पहिली आवृत्ती २००२ साली ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी प्रसिद्ध केली. या गृहस्थांचे बालपण त्या देशाच्या दुर्गम वाळवंटी भागात गेले. त्यांचे आरंभीचे शिक्षण बिनतारी यंत्रावरून ऐकलेल्या पाठांवर आणि विमानाने येणाऱ्या साहित्यावर झाले. शाळेपासून दूर वाढलेल्या मुलाने पुढे दूर बसलेल्यांसाठी शाळा रचावी, हे मला फार बोलके वाटते.

आता आपल्या भागाचा विचार करू. डोलवी मुंबई-गोवा महामार्गालगत आणि धरमतरच्या खाडीजवळ आहे. पोलादाच्या कारखान्यामुळे येथे रहदारी मोठी. तेथून पूर्वेकडे डोंगराच्या अंगाला वळले, की कातकरी आणि ठाकूर बांधवांच्या वाड्या लागतात. तेथे रेंजचा शोध घेत शिक्षक शाळेच्या ओट्यावरून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीवरून आंब्याखाली फिरतात, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. एकाच तालुक्यात, एकाच परिपत्रकाखाली काम करणाऱ्या दोन शिक्षकांची साधने इतकी असमान असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तर जिल्ह्याच्या दक्षिण भागात कित्येक गावांना अनेक आठवडे वीज नव्हती. शाळा बंद असल्यामुळे राज्यभर 'ऑनलाइन शिक्षण' हा शब्द ज्या दिवसांत सर्वांच्या तोंडी होता, नेमक्या त्याच दिवसांत मोबाईलची बॅटरी भरणे हीच तेथे पहिली अडचण होती.

म्हणून थोडे गणित करणे आवश्यक आहे. ते आपल्या पाचवीच्या मुलांनाही घालता येईल. सभेत केवळ आवाज पाठवावयाचा, तर सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात. चित्रही पाठवावयाचे, तर साधारण ६०० किलोबिट आणि त्याहून पुढे. आठ बिटांची एक बाइट होते. या हिशेबाने एक तासाच्या सभेस आवाजापुरते सुमारे ३६ मेगाबाइट लागतात, तर चित्रासह २७० मेगाबाइटांहून अधिक. अर्थात, एकाच बाजूचा हा हिशेब आहे. येणे आणि जाणे दोन्ही धरल्यास आकडा वाढतो. प्रत्येकाने आपला कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे, असा आग्रह जेव्हा सभेचा संयोजक धरतो, तेव्हा तो आंब्याखाली उभ्या असलेल्या शिक्षकाला प्रत्यक्षात सभेबाहेर काढीत असतो. हजेरीच पाहावयाची असेल, तर आरंभी एकदा नाव पुकारून घ्यावे. व्याख्याता दिसला नाही म्हणून काही बिघडत नाही. आवाज मात्र तुटता कामा नये.

यावरून माझे मत असे झाले आहे, की आपल्यासारख्या भागात प्रशिक्षणाचा मुख्य भार सभेच्या साधनावर टाकू नये. जे अगोदर उतरवून घेता येते, ते तसेच द्यावे, आणि समोरासमोरची वेळ शंकांसाठी राखून ठेवावी. ही कल्पना नवी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. आपल्यापैकी कित्येकांनी नोकरी सांभाळून तेथून बी.एड. केले. पुस्तके घरी येत, आणि सुट्टीत संपर्क सत्र होई. त्याही आधी, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात, उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. परंतु त्या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही दिले गेले, आणि ते देताना केवळ पडद्यावर भिस्त ठेवलेली नव्हती. छापील पुस्तिका, नभोवाणीवरील पाठ आणि हाताने करावयाचे प्रयोग यांची जोड त्यास दिली होती.

आज आपले बहुतेक दूरस्थ प्रशिक्षण दीक्षावर होते. हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड त्यावर टिपला, किंवा कोडखालील सहा अक्षरे लिहिली, की त्या पाठाचे साहित्य उघडते, हे आपण जाणताच. रेंज असलेल्या ठिकाणी, म्हणजे पेणला बाजारास किंवा कचेरीत आला असता, साहित्य उतरवून ठेवावे आणि वाडीवर नेऊन पाहावे, ही त्याची खरी सोय. तिचा वापर मला फार थोड्या शाळांत आढळतो. निष्ठा प्रशिक्षण २०१९ च्या ऑगस्टमध्ये समोरासमोर सुरू झाले होते. साथीमुळे ऑक्टोबर २०२० पासून ते दीक्षावर आले, आणि प्राथमिक स्तरासाठी त्यात १८ भाग होते. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांचे भाग २०२१ मध्ये त्यापाठोपाठ आले. प्रत्येक भाग पूर्ण पाहावयाचा, शेवटी चाचणी द्यावयाची, तीत ठरावीक गुण मिळाले की प्रमाणपत्र.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. त्या काळात माझ्याकडे दररोज एक तक्ता येत असे: कोणत्या केंद्राचे किती टक्के शिक्षक पूर्ण झाले. ज्या केंद्राचे टक्के मागे, तेथील केंद्रप्रमुखांना मी फोन करीत असे. आणि ते शिक्षकांना करीत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मोबाईल कपाटावर ठेवून, आवाज बंद करून चित्रफीत पुरी चालवावी, आणि चाचणीची उत्तरे व्हॉट्सॲपच्या गटातून घ्यावी, ही रीत पडली. एका भगिनींनी मला अगदी निरागसपणे सांगितले, "साहेब, माझे सगळे भाग एका रविवारात झाले." त्यांना मी शाबासकी दिली होती. आज ती शाबासकी मला टोचते.

चित्रफीत पूर्ण चालली की नाही, एवढेच ते साधन जाणू शकते. ती कोणी पाहिली, हे त्यास ठाऊक नसते. मग दोष साधनाचा काय? वास्तविक ज्या गोष्टीचे मोजमाप होते तीच गोष्ट वाढते, आणि मोजमाप ठरविणारे आम्हीच होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावयाचे आहेत. हे तास यापुढेही बव्हंशी याच साधनांवर भरले जाणार. तेव्हा ते कपाटावर भरावयाचे की वर्गात, हा प्रश्न मागील काळाचा राहिलेला नाही.

एक उलट उदाहरण सांगतो. डोंगरालगतच्या एका वाडीवरील द्विशिक्षकी शाळेत पायाभूत साक्षरतेचा मुलांच्या घरच्या भाषेविषयीचा भाग दोघा शिक्षकांनी मिळून, एकाच मोबाईलवर, शाळा सुटल्यावर पाहिला. दर दहा मिनिटांनी ते थांबवीत आणि आपल्या वर्गातील मुलांची नावे घेऊन बोलत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना चित्रे दाखवून प्रत्येक वस्तूला घरी काय म्हणतात ते विचारले, आणि ते शब्द पुस्तकातील शब्दांशेजारी फळ्यावर लिहिले. वर्षभर तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी शिक्षकांनाच शब्द शिकवू लागली. पुढील शिक्षण परिषदेत त्या दोघांनी फळ्याचे छायाचित्र दाखविले, तेव्हा प्रश्नांची जी झोड उठली, ती कोणत्याही व्याख्यानानंतर मी ऐकलेली नाही. त्या भागास त्यांना चार दिवस लागले, आणि माझ्या तक्त्यात ती शाळा मागे पडलेली दिसत होती!

मुलांच्या आभासी वर्गाविषयी थोडक्यात लिहितो. साथीच्या काळात राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला मोबाईलवरून धाडली जात होती, आणि जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका लागत होती. ज्या घरी दूरचित्रवाणी होती तेथे मालिकेचा लाभ झाला. परंतु आपल्याकडील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. घरात मोबाईल एकच, आणि तो बापाच्या खिशात. अशा मुलासाठी आभासी वर्ग हा वर्गच नव्हे. शाळा भरत असताना मात्र हेच साधन वर्गाची खिडकी होऊ शकते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचा त्यांचा प्रयोग आपल्या हाती रोज असतो. त्यांनी इतर देशांतील वर्गांना पडद्यावरून आभासी सहलीही घडविल्या. त्या काळी जगभर अशा सहलींसाठी वापरले जाणारे स्काइप हे साधन मे २०२५ मध्ये बंद झाले. सहली दुसऱ्या साधनांवर चालू आहेत. यास्तव कोणत्या बटणावर काय आहे, हे पाठ करण्यात फार शक्ती खर्चू नये.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. सभेची लिंक गावाच्या गटावर टाकू नये. आणि येणाऱ्यास प्रथम बाहेर थांबवून मग आत घेण्याची जी सोय असते, ती मुलांच्या सभेत अवश्य चालू ठेवावी. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणासही, "मी कचेरीतून बोलतो" असे म्हणणाऱ्यासही, सांगू नये. आमच्या कचेरीतून तो कोणी कधीच मागणार नाही. मुलांचे चेहरे असलेले चित्रण पालकांना विचारल्यावाचून पुढे पाठवू नये.

पुढील शिक्षण परिषद आम्ही निराळ्या रीतीने घेणार आहोत. प्रत्येक शाळेने दीक्षावरील कोणताही एक भाग अगोदर उतरवून, पाहून यावे; सर्वांनी तोच भाग पाहिला पाहिजे असे नाही. सोबत दोन गोष्टी आणाव्यात: त्या भागातील जे आपल्या वर्गात करून पाहिले त्याची मुलांच्या वहीतील खूण, आणि जे साधले नाही त्याविषयीचा एक प्रश्न. टक्केवारीचा तक्ता त्या दिवशी वाचला जाणार नाही. वाडीवरच्या शाळांनी मोबाईल न भरता आले तरी चालेल. विजेचा लांब वायरचा बोर्ड मी बरोबर आणीन.