पिन बसली, पण वीज जुळली का?

वऱ्हाडातून मुंबईकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या पूर्वी इगतपुरीला इंजिन बदलत असत. विजेच्या तारा तर इगतपुरीच्या अलीकडेही होत्या आणि पलीकडेही. मग इंजिन बदलण्याचे कारण काय? कारण असे की भुसावळकडच्या तारांत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह होता, तर मुंबईकडच्या तारांत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह. मुंबईत विजेची गाडी १९२५ साली धावू लागली, तेव्हा एकदिश प्रवाहाची पद्धत स्वीकारली गेली होती. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली आणि २०१६ सालापर्यंत मुंबईकडचे मार्गही २५,००० व्होल्टवर आले. तार वरून सारखी दिसली, तरी तिच्यातील वीज सारखी असेलच असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

हाच प्रश्न घरगुती उपकरणांच्या बाबतीतही उभा राहतो. अमरावती-अकोल्याची मुलेमुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेला, जर्मनीला, दुबईला जातात. सामानात इस्त्री असते, मिक्सर असतो. तिकडून येणारे नातेवाईक केस वाळवण्याचे यंत्र घेऊन येतात. अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्या लागतात : पिना जुळतात का, दाब जुळतो का आणि वारंवारता जुळते का?

प्रथम पिनांचा विचार करू. आपल्याकडील तीन गोल पिनांचा प्लग हा जुन्या ब्रिटिश पद्धतीचा आहे. ब्रिटनने १९४७ साली चौकोनी पिनांचा आणि आत फ्यूज असलेला नवा प्लग ठरवला. तोच दुबईतही चालतो. अमेरिकेत चपट्या पिना असतात, तर जर्मनीत दोन गोल. त्यासाठी बाजारात अडॅप्टर मिळतो. पण अडॅप्टर म्हणजे पितळी पट्ट्यांची निव्वळ वाट! एका बाजूने जितक्या व्होल्टची वीज आत येते, तितक्याच व्होल्टची दुसऱ्या बाजूने बाहेर पडते.

आपल्या प्लगची वरची पिन लांब आणि जाड का असते, याचा कधी विचार केला आहे का? ती अर्थिंगची पिन होय. ती लांब असल्यामुळे प्लग लावताना सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. जाड असल्यामुळे ती विजेच्या छिद्रात शिरत नाही. इस्त्रीच्या धातूच्या भागात चुकून वीज उतरली, तर ती या वाटेने जमिनीत जाते. दोनच पिनांचा अडॅप्टर लावला, तर इस्त्री तापेल खरी, परंतु ही संरक्षणाची वाट बंद होईल.

आता दाब. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते, अमेरिकेत ती १२० व्होल्टची असते. समजा, अमेरिकेतून आणलेल्या केस वाळवण्याच्या यंत्रावर १२० व्होल्ट, १,२०० वॅट असे लिहिले आहे. म्हणजे ते १० ॲम्पिअर प्रवाह घेते आणि त्याच्या तारेचा रोध १२० भागिले १०, म्हणजे १२ ओहम आहे. तेच यंत्र अडॅप्टर लावून अकोल्याच्या घरात जोडले, तर प्रवाह २३० भागिले १२, म्हणजे सुमारे १९ ॲम्पिअर होईल. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. ती सुमारे ४,४०० वॅट भरेल! दाब दुपटीहून थोडा कमी वाढला, पण उष्णता जवळजवळ चौपट झाली. कारण रोध तोच राहिला, तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अशा वेळी फ्यूज उडाला तर सुदैवच म्हणायचे. नाही तर यंत्र जळते, आगही लागू शकते.

उलट दिशेने काय होईल? आपली १,००० वॅटची इस्त्री १२० व्होल्टवर जेमतेम २७० वॅट देईल. ती कोमट होईल, सुरकुत्या जाणार नाहीत. मिक्सर फिरेल, पण ठेचा वाटायला घेतला की अडेल; आणि अडलेली मोटर तापून बिघडते.

यावर उपाय म्हणजे रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर. ते १२० व्होल्टचे २३० व्होल्ट करून देते. मात्र त्याची क्षमता उपकरणाच्या वॅटपेक्षा बरीच जास्त हवी, आणि असे रोहित्र चांगलेच जड असते. म्हणून मिक्सर तिकडचाच घेणे पुष्कळदा सोयीचे ठरते.

तिसरी गोष्ट वारंवारता. अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक वीज केंद्रातील जनित्रे मिनिटाला ३,००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. म्हणून आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे. जपानमध्ये तर एकाच देशात दोन वारंवारता आहेत! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. त्यामुळे पूर्व जपानात आजही ५० हर्ट्झ आहे आणि पश्चिमेत ६०. काही भिंतीवरची घड्याळे विजेच्या वारंवारतेवर चालतात. असे अमेरिकन घड्याळ, दाब बदलून का होईना, अमरावतीत लावले तर ते तासाला १० मिनिटे मागे पडेल. कारण रोहित्र दाब बदलते, वारंवारता बदलत नाही.

मग मोबाइलचा चार्जर जगभर कसा चालतो? तो आलेला प्रवाह प्रथम एकदिश करतो. नंतर एक इलेक्ट्रॉनिक कळ तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडते आणि तोडते. दाब जास्त असला, तर ही कळ कमी वेळ जोडलेली राहते. कमी असला, तर अधिक वेळ. त्यामुळे बाहेर येणारा दाब हवा तेवढाच मिळतो. अशा चार्जरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असते. त्याला फक्त अडॅप्टर पुरतो. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. म्हणून तिथे आपली इस्त्रीसुद्धा अर्थिंग असलेल्या अडॅप्टरवर चालेल.

आता एक काम करा. बटण बंद करून आणि प्लग काढून घरातील इस्त्री, मिक्सर, चार्जर यांवरचा मजकूर वाचा. वहीत व्होल्ट, हर्ट्झ, वॅट असे रकाने पाडून तो लिहा आणि कोणते उपकरण अमेरिकेत नुसत्या अडॅप्टरवर चालेल ते ठरवा. शिक्षकांना वर्गात सगळ्यांच्या याद्या एकत्र करून फळ्यावर तक्ता करता येईल. घरातून कोणी परदेशी निघाले असेल, तर बॅग भरण्यापूर्वी हा तक्ता त्यांना जरूर दाखवा.