पत्रिका आली, पण उघडू का?

शुक्रवारची संध्याकाळ, अलिबागचा प्लॅन आणि वडखळ नाक्यावरचं ट्रॅफिक! गाडी हलेना, म्हणून सगळे मोबाइलमध्ये घुसलेले. तेवढ्यात एका मैत्रिणीला अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली. फोटो नाही, पीडीएफ नाही, चक्क 'एपीके' फाइल. फोनने इन्स्टॉल करायला साफ नकार दिला. ती वैतागली, "फोन माझा, पैसे माझे आणि परवानगी याची?"

प्रश्न रास्त आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अशीच पत्रिका आली. ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले!

फोन नेमकं बघतो तरी काय? अ‍ॅप बनवणारा त्यावर डिजिटल सही करतो. नंतर कुणी आत ढवळाढवळ केली, की सही जुळत नाही. गंमत म्हणजे बिनसहीचं अ‍ॅप अँड्रॉइड घेतच नाही, पण ही सही कुणीही घरबसल्या बनवू शकतो. म्हणजे सही आहे, पण ती कुणाची ते कळत नाही! म्हणूनच बाहेरच्या अ‍ॅपला दारात अडवलं जातं. नोकिया एन७३वरचा 'सर्टिफिकेट एरर' आठवतोय? त्याच खानदानातला हा वॉचमन.

अ‍ॅपलचा वॉचमन आणखी खडूस. मॅकवर २०१२ मध्ये 'गेटकीपर' आला. २०२४ च्या 'सिकोया'मध्ये राइट क्लिकची पळवाटही बंद झाली. आता सेटिंग्जमध्ये जाऊन 'ओपन एनीवे' म्हणावं लागतं.

गूगलनेही ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, की प्ले स्टोअरबाहेरच्या डेव्हलपरलाही ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, तर २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. मुक्त अ‍ॅप्सचं भांडार असलेल्या 'एफ-ड्रॉइड'ने लगेच विरोध केला. हौसेने अ‍ॅप लिहिणाऱ्याने एका कंपनीकडे हजेरी का लावायची? त्यातही दम आहे. नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवायचं कबूल केलं.

मला विचाराल, तर वॉचमन हवा, पण चावी आपल्याकडे हवी. आणि चावी हातात असेल, तर दार कुणासाठी उघडतोय ते बघायला नको? पत्रिकेला अ‍ॅप लागत नाही, बॉस! चुकून उघडलीच, तर नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० फिरवा. लाजू नका, उशीर तर मुळीच नको.